केनी लॉफ्टनचं नाव एकदा तरी त्या आठांत घ्या

प्रति,
उमेदवारांची यादी ठरवणारी समिती,
नॅशनल बेसबॉल हॉल ऑफ फेम,
कूपरस्टाऊन, न्यूयॉर्क.

विषय : डिसेंबर २०२८च्या मतदानासाठी माजी बेसबॉल खेळाडू केनी लॉफ्टन यांचं नाव घेण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी क्लीव्हलँडच्या एका उपनगरात तीस वर्षांहून जास्त काळ राहते. मूळची सांगलीची. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्याला टपालाने वेगळी पाठवली आहे. ही मराठी प्रत जाहीर करते आहे, कारण ज्या माणसाबद्दल हे पत्र आहे त्याची गोष्ट माझ्या भाषेतल्या लोकांनाही कळावी असं मला फार वाटतं. त्यामुळे आपल्याला तोंडपाठ असलेल्या काही गोष्टी इथे पुन्हा समजावलेल्या दिसतील, त्या गोड मानून घ्याव्यात. आणि लॉफ्टनला मी 'तो' म्हणते. आमच्याकडे जीव लावलेल्या खेळाडूला अहोजाहो करत नाहीत.

मागणी आधीच सांगते. १९८०नंतरच्या काळात गाजलेल्या, पण पत्रकारांच्या मतदानातून निसटलेल्या खेळाडूंसाठी दर तीन वर्षांनी आपल्याकडे आठ नावांची यादी होते. सोळा जण त्या यादीवर मत देतात. बारा मतं मिळाली की त्या माणसाची कांस्याची पाटी कूपरस्टाऊनच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांचा सन्मान करणाऱ्या आपल्या संग्रहालयाच्या, भिंतीवर लागते. डिसेंबर २०२२च्या आठांत केनी लॉफ्टन नव्हता. डिसेंबर २०२५च्या आठांतही नव्हता. २०२८च्या आठांत तो असावा. माझं मत विचाराल तर त्याची पाटी केव्हाच लागायला हवी होती, पण तो निर्णय त्या सोळा जणांचा. निदान त्यांनी एका खोलीत बसून त्याच्याबद्दल बोलावं. आजवर ते एकदाही झालेलं नाही.

मी इथे आले १९९३च्या जानेवारीत, नवऱ्याच्या नोकरीच्या मागोमाग. बाहेर गुडघाभर बर्फ, घरात दिवसभर मी एकटी. एप्रिल उजाडल्यावर शेजारच्या बाईंनी मला त्यांच्या व्हरांड्यात बोलावलं. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. मांडीवर एक आडवी वही, कानामागे पेन्सिल आणि शेजारच्या खुर्चीवर रेडिओ. रेडिओवरच्या सामन्याची एकेक घटना त्या वहीतल्या चौकोनांत टिपत. प्रत्येक चौकोनात बारीक ठिपक्यांचा एक हिरा छापलेला. बेस म्हणजे मैदानावरच्या चौकोनाचे चार कोपरे. फलंदाज पहिल्या बेसवर पोचला की हिऱ्याची एक बाजू गिरवायची, दुसऱ्यावर पोचला की दुसरी. चारही बाजू गिरवून हिरा पुरा झाला की एक धाव. मी त्या वहीवरूनच बेसबॉल शिकले, आणि इंग्रजी बोलण्याची भीतीही तिथेच गेली.

त्या वहीत एका खेळाडूचे हिरे वेगळे दिसत. बाकीच्यांचे हिरे दुसऱ्याच्या फटक्याने पुढे सरकत. याच्या हिऱ्याची दुसरी बाजू पुन्हा पुन्हा 'एसबी' या दोन अक्षरांनी भरलेली असे. म्हणजे कोणी फटका मारलेला नाही, कोणी चूक केलेली नाही, या गड्याने पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, नाकाखालून दुसरा बेस चोरलेला आहे. हाच केनी लॉफ्टन, सात नंबरचा शर्ट, सेंटर फील्ड, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागातला मधला क्षेत्ररक्षक.

मी शाळेत सात वर्षं खो-खो खेळले आहे. आमच्या सांगलीत खो-खो म्हणजे नुसता तासाचा खेळ नव्हता, घराघरांत त्यावरून वाद होत. त्यामुळे ही चोरी मला समजावून सांगावी लागली नाही. पहिल्या बेसपासून दुसरा बेस नव्वद फुटांवर. पिचरची हालचाल सुरू झाल्यापासून चेंडू फलंदाजामागे बसणाऱ्या कॅचरच्या हातात पडायला साधारण सव्वा सेकंद, आणि तिथून तो दुसऱ्या बेसवर यायला दोन सेकंद. धावणाऱ्याच्या हाती एवढाच काय तो वेळ. नुसत्या पळण्याने हे जमत नाही. पिचरचा खांदा, त्याची टाच, श्वास रोखण्याची त्याची लकब, हे सगळं वाचावं लागतं. पहिल्या बेसपासून दहा-अकरा फूट पुढे सरकून, वजन दोन्ही पायांवर सारखं ठेवून उभं राहायचं. पिचर मागे वळून फेकेल की पुढे, हे त्याच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे. खो-खोत साखळी पळताना बसलेल्या गड्याच्या खांद्याकडे आम्ही असंच बघायचो. खो मिळण्याआधी खांदा बोलतो.

या गड्याच्या अंगात हे आलं कुठून, ते मला पुढे कळत गेलं. तो जन्मला ३१ मे १९६७ रोजी, इंडियाना राज्यातल्या ईस्ट शिकागो या पोलादाच्या गावात. आई अजून शाळेत शिकत होती. जन्मला तेव्हा जेमतेम तीन पौंडांचा होता, म्हणजे दीड किलोही नाही. त्याला वाढवलं आजीने. रोझी पर्सन तिचं नाव. विधवा बाई, काचबिंदूने दृष्टी गेलेली. मी स्वतः आता आजी झाले आहे. तीन पौंडांचं बाळ हातात घेताना डोळसाचेही हात थरथरतात, हे मला माहीत आहे. त्या बाईने न बघता ते वाढवलं, आणि वाढवलेलं पोर निघालं वाऱ्यासारखं पळणारं. नातू कसा पळतो हे सगळ्या अमेरिकेने पाहिलं. तिने फक्त ऐकलं.

शाळेत तो बेसबॉल खेळला होता, पण शिष्यवृत्ती मिळाली ती बास्केटबॉलची, टूसॉनच्या अॅरिझोना विद्यापीठात. तिथे प्रशिक्षक ल्यूट ओल्सन, सोबतीला शॉन एलियट आणि स्टीव्ह कर. हाच कर आज गोल्डन स्टेट वॉरियर्सचा प्रशिक्षक म्हणून आपल्याकडच्या मुलांनाही माहीत आहे. १९८८ साली हा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत पोचला. लॉफ्टन त्यात राखीव गार्ड. प्रतिस्पर्ध्याच्या हातातून चेंडू हिसकावण्यात तो तेव्हाच वस्ताद होता. बेसबॉलच्या संघात तो गेला तो हौसेने आणि उशिरा. विद्यापीठासाठी बेसबॉलचे पाच सामने खेळला, आणि त्या पाचांत त्याच्या नावावर अधिकृत फलंदाजी एकदाच आहे.

एवढ्या भांडवलावर कोण घेणार? ह्यूस्टन अॅस्ट्रोजने घेतलं, १९८८च्या ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, सतराव्या फेरीत. सतराव्या फेरीत निवडलेल्या मुलांपैकी बहुतेकांची नावं कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. अॅस्ट्रोजने त्याचं धावणं पाहिलं होतं. बॅट कशी धरायची ते शिकवता येईल, असा हिशेब त्यांनी केला असावा. पहिल्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्नच्या संघात त्याची सरासरी होती .२१४. बेसबॉलमध्ये दहांत तीनदा यश मिळालं तर माणूस मोठा. याला दहांत दोनदा मिळत होतं. आजीला त्याने शब्द दिला होता की पदवी पुरी करीन, म्हणून बेसबॉलचा हंगाम संपला की तो पुन्हा वर्गात जाऊन बसे. पदवी त्याने घेतलीही.

मग १९९० साली फ्लोरिडातल्या ऑसिओला संघाकडून .३३१. १९९१ साली टूसॉनलाच परत, तिथल्या ट्रिपल-ए, म्हणजे मोठ्या लीगच्या एक पायरी खालच्या, संघात. ज्या गावाने त्याला बास्केटबॉलवाला म्हणून ओळखलं, त्याच गावाने त्याला बेसबॉलवाला होताना पाहिलं. त्या सप्टेंबरात अॅस्ट्रोजने वर बोलावलं. वीस सामने, .२०३. डिसेंबरात त्यांनी त्याला क्लीव्हलँडला देऊन टाकलं.

क्लीव्हलँडचा संघ तेव्हा हरण्यासाठीच ओळखला जाई. १९९१ साली त्यांनी १०५ सामने गमावले होते. एरी सरोवराच्या काठावरच्या त्या अवाढव्य जुन्या स्टेडियममध्ये रिकाम्या बाकांवर वारा घोंगावे. त्या संघात हा चोवीस वर्षांचा नवखा आला आणि पहिल्याच पुऱ्या हंगामात त्याने ६६ बेस चोरले. अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे दोन मोठ्या लीगपैकी क्लीव्हलँडच्या लीगमध्ये, कोणत्याही नवख्याने त्याआधी इतके चोरले नव्हते. पुढच्या वर्षी ७०. त्याच्या पुढच्या वर्षी ६०. मग ५४, मग ७५. सलग पाच वर्षं लीगमध्ये पहिला. सेंटर फील्डमधल्या क्षेत्ररक्षणासाठी १९९३ ते १९९६ सलग चार गोल्ड ग्लव्ह. १९९४ ते १९९९ सलग सहा वेळा ऑल-स्टार.

१९९४ची हळहळ मला अजून वाटते. त्या वर्षी जेकब्स फील्ड हे नवं मैदान उघडलं, संघ पहिल्या स्थानापासून एका सामन्यावर होता, आणि लॉफ्टन .३४९ने खेळत होता. लीगमध्ये सर्वाधिक १६० हिट्स, म्हणजे बेस मिळवून देणारे फटके, त्याच्या, तेही ११२ सामन्यांत. १२ ऑगस्टला खेळाडूंचा संप झाला आणि हंगाम तिथेच थांबला. सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो चौथा आला. उरलेले पन्नास सामने झाले असते तर त्या वर्षाचं नाव त्याच्या नावाने निघालं असतं, असं मी अगदी ठामपणे म्हणते. आपल्यासमोर त्याच्या कारकिर्दीचे आकडे येतात तेव्हा ते पन्नास सामने त्यात नसतात.

आता १७ ऑक्टोबर १९९५. सिएटलच्या किंगडोममध्ये अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा सहावा सामना. क्लीव्हलँड १-० पुढे, आठवा डाव, समोर रँडी जॉन्सन. सहा फूट दहा इंच उंचीचा हा पिचर तेव्हा भल्याभल्यांना भिंतीसारखा वाटे. आमच्या घरी रात्र झाली होती, मुलगा पाळण्यात झोपलेला. मी ओट्याशी उभी होते, रेडिओ सिंकवरच्या फळीवर, आवाज अगदी बारीक केलेला. शेजारच्या बाईंनी मला तोवर माझी स्वतःची वही घेऊन दिली होती.

टोनी पेन्याने दुहेरी, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा, फटका मारला. त्याच्या जागी धावायला रूबेन अमारो आला. लॉफ्टनने बंट केला, म्हणजे चेंडू बॅटने नुसता टेकवून पुढे सोडला, आणि स्वतः पहिल्या बेसवर पोचला, अमारो तिसऱ्यावर गेला. मग त्याने दुसरा बेस चोरला. दोन गडी बेसवर, कोणीही बाद नाही. पुढच्या एका चेंडूवर कॅचर डॅन विल्सनच्या हातून चेंडू निसटला आणि बाजूला घरंगळत गेला. अमारो तिसऱ्यावरून आला, ते साहजिकच होतं. असा चेंडू निसटला की दुसऱ्या बेसवरचा गडी तिसऱ्यावर जातो आणि थांबतो. ही रीतच आहे. लॉफ्टन तिसऱ्याला वळसा घालून तसाच पळत राहिला. दुसऱ्या बेसपासून घरापर्यंत, म्हणजे फलंदाजीच्या जागेपर्यंत, एकशे ऐंशी फूट, आणि चेंडू पुरता मैदानातच. रेडिओवर टॉम हॅमिल्टनचा आवाज फाटला, पाळण्यातला मुलगा दचकून रडायला लागला, आणि मी पिठाच्या हातांनी पेन्सिल उचलून त्याच्या हिऱ्याच्या शेवटच्या दोन बाजू हात न उचलता एका ओढीत काढल्या. त्या पानावर कणकेचा डाग अजून आहे. ३-०. लगेच कार्लोस बाएर्गाचा होमरन, म्हणजे मैदानाबाहेर गेलेला फटका, ४-०. क्लीव्हलँड १९५४नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांच्या अंतिम लढतीत, गेलं.

होमरन मारणाऱ्याचा फटका आकड्यांत लगेच दिसतो. या धावेचं काय? कागदावर ती 'पीबी', म्हणजे कॅचरची चूक. त्या चुकीतून एकाच्या दोन धावा कोणी केल्या, ते हिऱ्याच्या त्या एका रेघेतच दिसतं. आपल्यापुढे लॉफ्टनच्या कारकिर्दीचा कागद ठेवला जाईल तेव्हा ही गोष्ट लक्षात असावी. पुढे वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यातही तो सहा वेळा बेसवर पोचला आणि अकराव्या डावात क्लीव्हलँड जिंकलं. मालिका मात्र अटलांटाने नेली.

मैदानात बसून मी त्याची एक गोष्ट प्रत्यक्ष पाहिली आहे. ४ ऑगस्ट १९९६, रविवार दुपार, बाल्टिमोरविरुद्ध. बी. जे. सरहॉफने उजव्या-मधल्या बाजूला उंच मारला. माझ्या शेजारचा माणूस 'गेला' म्हणून खाली बसला. लॉफ्टन पाठमोरा धावत आला, एक पाय भिंतीवर रोवला, जिना चढावा तसा भिंत चढला आणि छातीपर्यंत भिंतीच्या वर जाऊन, हात पलीकडे घालून चेंडू अलगद घेतला. क्षणभर तो भिंतीवर टांगल्यासारखा दिसला. मग खाली उतरला आणि चेंडू आत फेकला. बास्केटबॉलमध्ये रिंगणापर्यंत झेपावायला शिकलेले पाय होते ते. एका खेळात शिकलेली गोष्ट दुसऱ्या खेळात इतकी चपखल बसलेली मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

त्याचं सगळंच चांगलं, असं मी म्हणणार नाही. १९९७च्या मार्चमध्ये क्लीव्हलँडने त्याला अटलांटाला देऊन टाकलं. त्या वर्षी पाय दुखावलेले असताना तो चोरत राहिला, २७ बेस मिळवले आणि वीसदा पकडला गेला. ते वर्ष वाईट होतं. त्याची फटक्यांची ताकदही फार नव्हती. सतरा हंगामांत १३० होमरन, तेही ज्या काळात होमरनचा पाऊस पडत होता त्या काळात. त्याच्या विरोधात जे बोललं जातं ते एवढंच. दुसरं पान उघडा तर २,४२८ हिट्स, १,५२८ धावा, .२९९ सरासरी, आणि ७८२ प्रयत्नांत ६२२ चोरलेले बेस. सगळ्या काळातल्या खेळाडूंत तो पंधरावा. फलंदाजी, धावणं, क्षेत्ररक्षण एकत्र मोजून खेळाडूची एकूण किंमत काढणारा जो वॉर नावाचा आकडा आता सर्रास वापरतात, तो लॉफ्टनचा सुमारे ६८ आहे. सेंटर फील्डमध्ये खेळलेल्यांच्या आजवरच्या यादीत त्यामुळे तो पहिल्या दहा-बारांत येतो. पहिला पुरा हंगाम मिळाला तेव्हा तो पंचविशीला टेकला होता, हेही ध्यानात घ्यावं.

१९९८ साली तो परत आला, पुन्हा गेला, आणि २००२पासून दरवर्षी नवा संघ. सगळे मिळून अकरा संघ. मला वाटतं इथेच त्याचं नुकसान झालं. जो एका गावात वीस वर्षं राहतो त्याची बाजू मांडायला ते अख्खं गाव उभं राहतं. अकरा गावांत राहिलेल्याची बाजू कोणीच घेत नाही. आणि तरी ज्यांनी त्याला ऐन हंगामात बोलावून घेतलं, ते पाहा. २००२ साली सॅन फ्रान्सिस्को जायंट्स, आणि त्यांना वर्ल्ड सिरीजमध्ये नेणारी नवव्या डावातली विजयी हिट लॉफ्टनची. २००३ साली शिकागो कब्ज, लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत. २००७ साली पुन्हा क्लीव्हलँड, तसेच अंतिम मालिकेपर्यंत. अकरा वेगवेगळ्या वर्षी तो ऑक्टोबरच्या बाद फेरीत खेळला. तिथे ९५ सामन्यांत त्याने ३४ बेस चोरले. बाद फेरीत इतके कोणीच चोरलेले नव्हते, कारकिर्दीत सर्वाधिक बेस चोरणाऱ्या रिकी हेंडरसननेही नाही. हाताला वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्यांची अंगठी मात्र एकही लागली नाही.

शेवटचा सामना मला कोणी आठवण करून दिलेला आवडत नाही, पण इथे लिहायला हवा. २१ ऑक्टोबर २००७, बॉस्टनचं फेनवे पार्क, सातवा सामना, सातवा डाव, आम्ही २-३ मागे. चाळीस वर्षांचा लॉफ्टन दुसऱ्या बेसवर. पुढचा फटका तिसऱ्या बेसजवळून गेला, कठड्याला आपटला आणि डाव्या मैदानात घरंगळला. लॉफ्टन तिसऱ्याकडे वळला, आणि तिसऱ्या बेसवरच्या प्रशिक्षकाने दोन्ही हात वर करून त्याला थांबवलं. तो थांबला. पुढच्याच फटक्यावर दोन गडी बाद झाले, डाव संपला, सामना गेला. बारा वर्षांपूर्वी सिएटलमध्ये जो माणूस कोणी न सांगता घरापर्यंत पळत आला होता, तो त्या रात्री नव्वद फूट अलीकडे उभा होता. त्यानंतर तो मोठ्या लीगमध्ये कधीच खेळला नाही. माझ्या वहीत त्या चौकोनात तीन बाजूंचा हिरा आहे.

आणि मग २०१३.

पत्रकारांच्या मतपत्रिकेवर त्याचं नाव त्या वर्षी पहिल्यांदा आलं. ५६९ मतपत्रिकांपैकी अठरांवर त्याच्या नावापुढे खूण होती. ३.२ टक्के. पाच टक्क्यांच्या खाली गेलं की नाव कायमचं उतरतं, हा नियम. निकाल लागला आणि त्याच दिवशी त्याचा विषय संपला.

आता त्या वर्षाची मतपत्रिका काढून समोर ठेवावी. एका मतदाराला जास्तीत जास्त दहा नावं लिहिता येतात. त्या मतपत्रिकेवरचे बिजिओ, पियाझा, बॅगवेल, रेन्स, मॉरिस, ट्रॅमेल, एडगर मार्टिनेझ, ली स्मिथ, वॉकर आणि मॅकग्रिफ पुढे कधी ना कधी आपल्याच भिंतीवर पोचले. मोजा, दहा भरतात. म्हणजे अगदी निर्दोष मत देणाऱ्याची पत्रिकाही तिथेच भरली. शिवाय उत्तेजकांच्या आरोपांत अडकलेले बाँड्स, क्लेमेन्स आणि सोसा त्याच वर्षी पहिल्यांदा यादीत आले. उत्तेजकांच्या प्रकरणाने मतदार इतके भांबावले होते की त्या वर्षी एकालाही निवडीला लागणारे पंचाहत्तर टक्के मिळाले नाहीत. ज्या प्रकरणाने ती मतपत्रिका तुंबली, त्यात लॉफ्टनचं नाव कधीही आलेलं नाही. तुंबलेल्या मतपत्रिकेतून बाहेर मात्र तो फेकला गेला.

ज्यांना वेळ मिळाला त्यांचं काय झालं? टिम रेन्स हा लॉफ्टनच्याच जातकुळीचा, डावाची सुरुवात करणारा, बेस चोरणारा. पहिल्या वर्षी त्याला पाव मतंही मिळाली नाहीत, दहाव्या वर्षी तो निवडून आला. लॅरी वॉकर २०१४ साली १०.२ टक्क्यांवर होता, २०२० साली भिंतीवर गेला. स्कॉट रोलेनला २०१८ साली तेवढेच १०.२ टक्के, आणि २०२३ साली निवड. माणसं बदलली नव्हती, त्यांचे आकडेही बदलले नव्हते. लोकांना त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा बघायला मिळालं, एवढाच फरक. लॉफ्टनकडे बघायला एकच हिवाळा मिळाला.

एकाच संधीची गोष्ट मी जवळून पाहिली आहे, म्हणून हे मला टोचतं. नववीत असताना आमची निवड चाचणी होती. माझी पाळी आली तेव्हा पाऊस सुरू झाला, मैदानात पाणी, दीड मिनिटात शिट्टी वाजवून सगळ्यांना आत घेतलं. दुसऱ्या दिवशी यादी लागली. माझं नाव नव्हतं. पुन्हा चाचणी घ्या म्हणून आमच्या बाई भांडल्या, पण यादी लागलेली होती. मी काही लॉफ्टन नव्हते, आणि कदाचित कोरड्या मैदानावरही माझी निवड झाली नसती. पण ते मला आजही माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही.

हा निकाल फिरवता येत नाही, असं आपण म्हणू शकत नाही. टेड सिमन्सचं उदाहरण आपल्याच दप्तरात आहे. १९९४ साली त्याला ३.७ टक्के मिळाले आणि पहिल्याच वर्षी तो उतरला, अगदी लॉफ्टनसारखा. पंचवीस वर्षांनी, डिसेंबर २०१९मध्ये, समितीने त्याला सोळांपैकी तेरा मतांनी आत घेतलं. नवीन पायंडा पाडायची गरज नाही, तो पडलेला आहे.

उशिराबद्दलही बोलायलाच हवं. मिनी मिन्योसोची निवड झाली डिसेंबर २०२१मध्ये. तो २०१५ सालीच गेला होता. डिक अॅलन २०१४ साली एका मताने हुकला, २०२०च्या डिसेंबरात वारला, २०२१ साली पुन्हा एका मताने हुकला, आणि २०२४च्या डिसेंबरात निवडून आला. दोघांच्याही पाट्या लागल्या, ते बघायला ते नव्हते. लॉफ्टन २०२८च्या डिसेंबरात एकसष्ट वर्षांचा असेल.

आणखी एक, जे आपल्यापैकी इतिहासाच्या जाणकारांना ठाऊक असेलच. बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचा शेवटचा टप्पा आणि बेसबॉलची वर्ल्ड सिरीज, दोन्हींत खेळलेले दोनच पुरुष आहेत. एक पिचर टिम स्टॉडर्ड, दुसरा लॉफ्टन. दोघेही ईस्ट शिकागोच्या एकाच वॉशिंग्टन हायस्कूलचे. कूपरस्टाऊनच्या संग्रहालयात एखाद्या शाळेच्या मुलांना घेऊन गेलेल्या शिक्षकाला ही गोष्ट सांगायची झाली, तर त्याने कोणत्या पाटीसमोर उभं राहून सांगायची?

शेजारच्या बाई आता नाहीत. त्यांच्या भाच्याने त्यांच्या वह्यांची खोकी मला आणून दिली. १९९२च्या वहीत, मी अमेरिकेत यायच्या आधीच्या उन्हाळ्यात, त्यांनी समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे : 'नवीन मुलगा. नीट बघ.'

आपण यादी करायला बसाल तेव्हा माझी एवढीच विनंती आहे.

कळावे,
आपली नम्र,
क्लीव्हलँडची एक प्रेक्षक

सोबत : माझ्या वहीतल्या १७ ऑक्टोबर १९९५ आणि २१ ऑक्टोबर २००७ या दोन पानांच्या छायाप्रती.